पडण्याची विद्या शिकविणारा गुरू

गेल्या महिन्यात माझ्या शिकवणीतील दोन मुले हातघाईवर आली. दोघेही सकाळी तालमीत जाणारे, सायंकाळी माझ्याकडे गाणारे. कारण कुस्तीतील एका निकालाचे. त्यांना आवरताना मीच एकावर हात उगारला. त्या रात्री मला जपानच्या कानो जिगोरो यांच्या चरित्राची आठवण झाली.

कानोंचा जन्म १८६० साली कोबेजवळच्या मिकागे गावी, साके गाळणाऱ्या सधन घराण्यात झाला. अंगकाठी किरकोळ, त्यामुळे तोक्योच्या वसतिगृहात दांडगी मुले त्यांना छळीत. प्रतिकारासाठी जुजुत्सू शिकावे असे त्यांनी मनात घेतले. पण नव्या राजवटीत ती विद्या मागे पडलेली. तिचे काही जाणकार हाडे बसवून पोट भरीत, म्हणून हा मुलगा हाडवैद्यांची दारे हिंडला. १८७७ मध्ये त्यास फुकुदा हाचिनोसुके हे गुरू लाभले. तालमीचे वस्ताद हाडे बसवितात, हे जुन्या घरांतील वाचकांना सांगावयास नको.

१८८२ साली तोक्योतील एइशोजी देवळात, बारा चटयांवर, नऊ शिष्यांसह त्यांनी कोदोकान शाळा काढली व आपल्या विद्येस जूदो हे नाव दिले. छळाला उत्तर म्हणून शिकलेल्या विद्येतून त्यांनी सूडच काढून टाकला. घातक डाव मोकळ्या सरावातून वगळले. पाडण्याआधी पडावे कसे ते शिकविले. झुंजीच्या आरंभी व शेवटी प्रतिस्पर्ध्यास वाकून नमन करावयाचे. पडण्याचे भय गेले की हरण्याचा रागही निम्मा ओसरतो. आणि रागाने झेपावणारा गडी स्वतःच्याच जोराने पडतो, हे मुलांना अंगानेच कळते. शक्तीचा योग्य विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन तत्त्वे त्यांनी १९२२ मध्ये मांडली.

कानो पेशाने शिक्षक. अध्यापक घडविणाऱ्या विद्यालयाचे अनेक वर्षे प्रमुख. १९०९ मध्ये ते ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले. कैरोच्या बैठकीहून परतताना १९३८ साली जहाजावरच त्यांचे देहावसान झाले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जूदोचा समावेश झाला.

माझे वडील दरबारी गवई. साथीदाराला पाडून कोणाचीही बैठक रंगत नाही, हे त्यांनी मला लहानपणीच शिकविले होते. मी ते विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी मी प्रथम त्या मुलाची क्षमा मागितली. मग एकाने तंबोरा धरावा, दुसऱ्याने गावे, असा पाठ दिला, नंतर पालट. पहिल्या दिवशी दोघेही बेसूर झाले. पाठ अजून चालू आहे.