कल्पना चावला : पहिल्या उड्डाणानंतरची परीक्षा

कल्पना चावला यांचे नाव आपल्या शाळेतील प्रत्येक छात्राला ठाऊक आहे. बहुतेक जण त्यांच्या शेवटच्या उड्डाणाविषयी बोलतात. मला मात्र त्यांच्या पहिल्या उड्डाणानंतरचा काळ अधिक शिकवणारा वाटतो.

त्यांचा जन्म हरियाणातील कर्नाल येथे झाला. माझ्या कुंडम गावावरून विमान फार उंचावरून जाते. कर्नालला मात्र फ्लाइंग क्लब होता, त्यामुळे लहानपणीच त्यांना विमाने जवळून पाहता आली. चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८२ मध्ये त्या वैमानिकी अभियंता झाल्या. पुढे अमेरिकेत शिकून १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रात विमानाभोवती हवा कशी वाहते, याचे संगणकावर संशोधन सुरू केले. विमान चालवण्याचे परवानेही त्यांनी मिळवले. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली.

नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या कोलंबिया यानातून प्रथम अंतराळात गेल्या. सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन उपग्रह यांत्रिक हाताने बाहेर सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. सोडल्यावर उपग्रह नीट चालेना. परत पकडताना तो गरगर फिरू लागला. शेवटी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडला.

साऱ्या जगासमोर घडलेली ही गोष्ट. बोट पहिल्यांदा यांत्रिक हात चालवणाऱ्याकडेच जाणार. पण नासाने पाच महिने चौकशी केली. संगणक प्रणालीची मांडणी आणि चालक दल व जमिनीवरील नियंत्रण कक्षाच्या ठरलेल्या कार्यपद्धती यांतच दोष सापडले. एकट्या कल्पना यांच्यावर ठपका आला नाही. त्या अंतराळवीर कार्यालयातील तांत्रिक कामाला लागल्या, आणि २००० मध्ये त्यांची पुन्हा निवड झाली.

हे उड्डाण अनेकदा लांबले. अखेर १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया झेपावले. सात जणांनी सोळा दिवसांत सुमारे ऐंशी प्रयोग केले. मात्र उड्डाणाच्या वेळीच इंधन टाकीवरील फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. काही अभियंत्यांना शंका आली. त्यांनी पंखाची छायाचित्रे मागितली, पण ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला, उतरायला सुमारे सोळा मिनिटे असताना, यान टेक्सासवर तुटले. सातही जण गेले. चारच दिवसांनी भारताने आपल्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिले.

छात्रमित्रहो, ड्रिलमध्ये एकाचे पाऊल चुकले की आपण लगेच त्याच्याकडे पाहतो. हुकूम सर्वांना नीट ऐकू गेला होता का, हे कोणी विचारत नाही. १९९७ मध्ये तो प्रश्न विचारला गेला, म्हणून एक चांगली अंतराळवीर पुन्हा कामावर उभी राहिली. २००३ मध्ये शंका वेळेवर ऐकली गेली नाही. पुढे आपल्यापैकी काही जण तुकडीचे नेतृत्व करतील. तेव्हा या दोन्ही उड्डाणांची आठवण ठेवायला हवी.