पोरक्या मुलांचे वडील : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. इटलीतील बेक्की या वाडीत १८१५ साली त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तोच वडील वारले. १८४१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्युरिनच्या तुरुंगांत फिरताना त्यांना गजाआड कोवळी पोरे दिसली. सुटली तरी पुन्हा तिथेच येणारी, कारण बाहेर त्यांचे कोणी नव्हते.

१८४६ मध्ये वाल्दोक्को येथे एक पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी आई मार्गारिता गाव सोडून मदतीला आली. परक्या पोरांचे कपडे शिवणाऱ्या या माउलीला आपण सहसा विसरतोच!

आम्हाला नवल वाटते ते करारपत्रांचे. मुलाला कामावर धाडण्याआधी फादर मालकाकडून लिहून घेत. १८५२ च्या एका करारात सुताराने कबूल केले की, तो मुलाला धंदा शिकवील, चुकल्यास तोंडानेच समज देईल, वर्षाला १५ दिवस सुट्टी देईल. पोरक्या पोरासाठी चक्क स्टॅम्पपेपर! पुढे १८५३ पासून जोडे व कपडे शिवण्याचे वर्ग त्यांनी स्वतःच काढले, नंतर छापखानाही.

१८८८ मध्ये ते देवाघरी गेले. १९३४ मध्ये संत म्हणून घोषित झाले. आपल्या माटुंग्याचे डॉन बॉस्को त्यांच्याच सालेशियन संघाचे.