एक ऑगस्ट आणि गिरणगावचा शाहीर

एक ऑगस्ट रोजी मुंबईतील शाळा-कचेऱ्यांत एकाच मेजावर दोन तसबिरी मांडल्या जातात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णा भाऊ साठे यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. दोन हार, एक समई, दोन भाषणे आणि अल्पोपाहार असा कार्यक्रम तासाभरात आटोपतो. दिनदर्शिकेने केलेली ही सोय आहे, आणि सोयीच्या गोष्टींचा विचार सहसा कोणी करीत नाही.

31 जुलै 1920 ची मध्यरात्र उलटल्यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळकांचे देहावसान झाले. उजाडणाऱ्या त्याच दिवसापासून गांधीजींनी असहकाराची चळवळ सुरू केली आणि सरकारने दिलेले कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत पाठविले. आणि त्याच दिवशी, वारणेच्या खोऱ्यात, तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात, भाऊराव व वालुबाई साठे यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव तुकाराम ठेवले. हाच पुढे अण्णा भाऊ झाला. एका घटनेने सारा देश हादरला. दुसरीची खबर वस्तीच्या वेशीबाहेरही गेली नसावी.

तारखांच्या अशा योगायोगाला इतिहासाच्या अभ्यासात फारसे मोल नाही. तथापि या तारखेमागे दुसरा एक आठवडा उभा आहे, आणि तो योगायोगाचा नाही. 22 जुलै 1908 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस, या हिशेबाने कामगारांनी सहा दिवस संप केला. रस्त्यावर लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या संपाचे वेगळेपण असे, की त्यात पगारवाढीची मागणीच नव्हती. कामगारांची म्हणावी अशी संघटना नव्हती, संपनिधी नव्हता. पगार आठवडेच्या आठवडे मालकाकडे अडकून राही आणि घर वाण्याच्या उधारीवर चाले. अशा माणसांनी सहा दिवसांची मजुरी एका देशनेत्यासाठी सोडली. रशियाबाहेर परागंदा असलेल्या लेनिनने त्याच वर्षी एका लेखात या संपाची दखल घेतली. 1920 च्या त्या रविवारी टिळकांच्या अंत्ययात्रेत गिरगाव चौपाटीपर्यंत जो अफाट लोकसमुदाय चालला, त्यातही हा कामगार होता.

त्या सहा दिवसांच्या मजुरीचे पुढे काय झाले, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. अण्णा भाऊंचे चरित्र वाचताना तो पदोपदी समोर येतो.

मातंग समाज तेव्हा गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या छायेत जगत होता. गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. अनेकांना पोलिसांपुढे हजेरी लावावी लागे. दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, सणासुदीला वाजवावे आणि बलुत्यावर जगावे, असा हा व्यवहार होता. शाळेत हा मुलगा अवघा दीड दिवस टिकला, असे सांगतात. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतकऱ्याच्या खळ्यावरच जिथे रोकड उरली नाही, तिथे बलुतेदाराच्या पदरात काय पडणार? वडील मुंबईत मोलमजुरी करीतच होते. त्यांच्या पाठोपाठ हे कुटुंब वाटेत मिळेल ते काम करीत पायी मुंबईला आले आणि भायखळ्याच्या एका चाळीत विसावले.

मुंबईने या मुलाला अक्षरे दिली, ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. हमाली, फेरी, झाडलोट असे सारे करून तो दादरच्या कोहिनूर गिरणीत कामाला लागला. गिरणीत जातपात नसते, असा एक समज सुशिक्षितांत आहे. वस्तुस्थिती निराळी होती. विणकर खात्यात पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद होते. त्याने कमी पगाराच्या खात्यांतच राबायचे. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमके याच अन्यायावर बोट ठेवले. म्हणजे यंत्रयुगात येऊनही गावकुसाची भिंत गिरणीच्या आत होतीच. याच कोहिनूर गिरणीची दादरमधील एक जागा 2005 साली 421 कोटी रुपयांना विकली गेली. तिथल्या धाग्यातून किती पिढ्यांची मजुरी गेली, याचा हिशेब त्या व्यवहारात धरण्याचे कारण नव्हते.

माटुंग्याच्या लेबर कँपमध्ये अण्णा भाऊंची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी पडली. त्यांची पहिली रचना या वस्तीतील डासांवर होती, असे म्हणतात. तसे असेल तर ते अगदी स्वाभाविक आहे. नगरपालिकेच्या कारभारावर याहून नेमकी टीका कोणती असू शकेल? पुढे स्टालिनग्राडचा पोवाडा झाला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा त्यांची वेदना परळ-लालबागच्या चाळींपर्यंत त्यांच्या शाहिरीने पोहोचविली. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशातला गण ठेवावा, पण त्यात वंदन श्रमणाऱ्या माणसाला करावे. सोंगाड्या ठेवावा, पण त्याच्या तोंडी सावकार, शेटजी आणि निवडणुकीचा उमेदवार यांची उलटतपासणी द्यावी, अशी ही लोकनाट्ये होती. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांतली गाजलेली नावे. सरकारला ती झोंबली आणि कलापथकावर बंदी आली.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, 16 ऑगस्ट 1947 रोजी, मुंबईत भरपावसात निघालेल्या मोर्चात अण्णा भाऊ होते. या स्वातंत्र्यात भुकेल्याचा वाटा कोणता, असा त्या मोर्चाचा आशय होता. तो दिवस अनेकांना औचित्यभंगाचा वाटला. टिळकांसाठी सहा दिवस उपाशी राहिलेल्या वस्तीतून हा सवाल आला होता, हे ध्यानात घेतले तर त्यात अनुचित असे काही दिसत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीला सर्वाधिक कान मिळाले. गावी राहिलेल्या मैनेच्या विरहाची त्यांची छक्कड गिरणगावात घरोघर गायिली गेली. कोकण-देशावरून आलेल्या आणि बायकामुलांना गावीच ठेवून खानावळीत जेवणाऱ्या कामगाराला तो विरह समजावून सांगावा लागत नव्हता. त्या विरहातच बेळगाव-कारवारची ताटातूट त्यांनी अशी गुंफली, की राज्य पुनर्रचनेसारखा रुक्ष विषय पोटातला झाला. मुंबईवर रचलेल्या त्यांच्या लावणीत मलबार हिल आणि परळ या एकाच शहराच्या दोन टोकांचा जमाखर्च आहे.

गद्यलेखनात त्यांची सर्वांत प्रखर कथा ‘स्मशानातील सोनं’ ही होय. खाणीत दगड फोडणारा भीमा खाण बंद पडल्यावर बेकार होतो. स्मशानातल्या राखेत सोने सापडते आणि तो मढी उकरू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची जातात. त्यानंतर बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. बेरोजगारीवरील जाडजूड ग्रंथांत जे हाताला लागत नाही, ते इथे काही पानांत आहे. काम गेले तर माणूस स्वस्थ बसत नाही, तो भलत्या कामाला लागतो. आणि मग काम परत आले तरी ते करणारे हात उरलेले नसतात.

2 मार्च 1958 रोजी दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली. दुष्काळात आपल्या माणसांना जगविण्यासाठी धान्य आणि खजिना लुटणाऱ्या मातंग वीराची ही कादंबरी त्यांनी आंबेडकरांना अर्पण केली, आणि तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली. राज्य शासनाने तिला पारितोषिक दिले. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आणि आंबेडकरांना वंदन करणारा लेखक, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. जयंतीच्या भाषणांत मात्र बहुधा दोन्ही गाळल्या जातात आणि उरतो तो निरुपद्रवी शाहीर. 1961 साली ते रशियाला जाऊन आले. 1908 च्या संपाची वार्ता लेनिनपर्यंत पोहोचली होती. आता त्याच गिरणगावात वाढलेला एक माणूस लेनिनच्या देशात पोहोचला. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला.

पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, प्रवासवर्णन एवढा संसार त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील खोपटात बसून लिहिला. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ अशा कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. लेखणीची मजुरीदेखील गिरणीच्या मजुरीसारखीच दुसऱ्याच्या गल्ल्यात अधिक जमा झाली. अखेरीअखेरीस ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील घरात राहावयास गेले. तोवर प्रकृती ढासळली होती आणि दारिद्र्याने पाठ सोडली नव्हती. 18 जुलै 1969 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला चौदा दिवस उरले होते.