एकच पिक्चर काढलेला माणूस

पीएल चालू होती आणि मला दोन केटी होत्या, म्हणजे पिक्चर बघायचा काही प्रश्नच नव्हता. पण मावसभावाने अमेरिकेहून आणलेली एक डीव्हीडी महिनाभर बॅगेत पडून होती. रीजन १ची असल्यामुळे घरच्या प्लेअरवर चालली नव्हती. शेवटी एकाचा जुना लॅपटॉप, व्हीएलसी, आणि रात्री साडेअकराला आम्ही पाच जण. पिक्चर 'द नाइट ऑफ द हंटर', १९५५चा, ब्लॅक अँड व्हाइट. दोघे दहा मिनिटांत झोपायला गेले. उरलेले तिघे मात्र जागचे हलले नाहीत.

मंदीचा काळ, ओहायो नदीचा काठ. पाद्री म्हणवणारा, विधवांशी लग्न करून त्यांना मारणारा खुनी (रॉबर्ट मिचम) दोन लहान भावंडांच्या मागे लागतो. त्यांच्या फाशी गेलेल्या बापाने लुटलेले दहा हजार डॉलर कुठे आहेत, ते फक्त त्या पोरांना ठाऊक. एक सीन सांगतोच. पोरगा गोठ्याच्या माळ्यावरून बघतो, तर दूर क्षितिजावर घोड्यावर बसलेला तो माणूस हळूहळू चाललाय. अंगावर काटा आला! नंतर कळलं की क्षितिज-बितिज काही नाही, सगळा स्टुडिओ. तट्टावर एका बुटक्या माणसाला बसवून अंतराचा भास केलेला. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी पर्स्पेक्टिव्ह असं शिकवलं असतं तर...! असो.

हे सगळं ज्याने केलं तो चार्ल्स लॉटन. जन्म १८९९, इंग्लंडमधल्या स्कारबरोचा. घरचा हॉटेलचा धंदा, आणि पोरानेही तोच करावा ही घरच्यांची इच्छा. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा तडाखा खाऊन परत आला, हॉटेलात कामाला लागला, पण डोक्यात नाटक. पंचविशीत नाटकाच्या शाळेत गेला आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. जाडा देह, लोंबते गाल. स्वतःला तो कुरूपच समजायचा. तरी आठव्या हेन्रीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. १९३९ साली नोत्र दामचा कुबडाही झाला.

मला जास्त आवडली ती गॅलिलिओची गोष्ट. ब्रेख्तचं ते नाटक त्याने ब्रेख्तबरोबर बसून इंग्रजीत आणलं. याला जर्मन येत नव्हतं, त्याचं इंग्रजी यथातथा. मग एकमेकांना करून दाखवत, हावभावांवरून शब्द शोधत दोघांनी काम केलं. १९४७ साली ते रंगमंचावर आलं, गॅलिलिओ अर्थात लॉटनच.

आणि मग पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे. त्यासाठी ग्रिफिथचे जुने मूकपट पुन्हा बसून बघितले, त्या काळातली लिलियन गिश हिला म्हातारीच्या कामाला बोलावलं. पिक्चर साफ पडला. समीक्षकांना कळेना आणि पब्लिक फिरकेना. पुढचा 'द नेकेड अँड द डेड' तोच करणार होता, तो दुसऱ्याकडे गेला. लॉटनने पुन्हा कधीच पिक्चर दिग्दर्शित केला नाही. नट म्हणून कामं मिळत राहिली, १९५७च्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन'मधला म्हातारा वकील तर झकासच. पण १९६२च्या डिसेंबरात कॅन्सरने गेला. २००८ साली एका फ्रेंच मासिकाने शंभर श्रेष्ठ चित्रपट निवडले, त्यात याच्या एकुलत्या पिक्चरचं नाव 'सिटिझन केन'च्या खालोखाल आलं. तोपर्यंत शेहेचाळीस वर्षं उलटली होती.

दुसऱ्या दिवशी मेसमधून आल्यावर मी एकट्याने दुसरी डिस्क लावली. शूटिंगच्या वेळची उरलेली फिल्म त्याच्या बायकोने, एल्सा लँचेस्टरने, जपून ठेवली होती. त्यातून निवडलेले अडीच तास या डिस्कवर आहेत. दोन टेकच्या मध्ये तो कॅमेरा बंदच करत नसे. त्यामुळे बाहेरून त्याचा आवाज सतत ऐकू येतो. एका लहान पोराकडून तेच वाक्य परत, जरा हळू, परत. ओरडत नाही, घाई करत नाही. हा पिक्चर पडणार आहे हे त्या खोलीत कुणालाच माहीत नाही. मी साडेतीनपर्यंत बघत बसलो. मायक्रोप्रोसेसरचा पेपर परवा होता.