फादर सोरिन आणि त्यांचे कर्जातले कॉलेज



अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तिथे प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटावेत, असे ते विद्यापीठ. परंतु पहिली चाळीस वर्षे ते केव्हा बंद पडेल याचा नेम नव्हता. ज्यांनी ते बंद पडू दिले नाही, त्या फादर एडवर्ड सोरिन यांच्याविषयी या रविवारी लिहावे असे आम्ही ठरवले.

फादर सोरिन यांचा जन्म १८१४ साली फ्रान्समध्ये झाला. फादर बासिल मोरो यांच्या होली क्रॉस संघात ते दाखल झाले आणि १८४१ साली काही ब्रदरांना घेऊन अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत सात ब्रदरांसह ते इंडियाना राज्यातील एका गोठलेल्या तळ्याकाठी पोहोचले. वय अवघे अठ्ठावीस. बिशपांनी पाचशेहून अधिक एकर जमीन दिली होती, पण दोन वर्षांत कॉलेज उभे करण्याची अट घालून. जमिनीवर एक लाकडी झोपडी होती. जवळची रोकड अगदी तुटपुंजी. १८४४ साली सरकारने या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला, तेव्हा पदवी घ्यायला विद्यार्थी जवळजवळ नव्हतेच!

फीची रोकड नसलेल्या पालकांकडून ते गुरेढोरे घेत. ब्रदर शेती करीत, तळ्याच्या मातीतून विटा भाजीत. तरी कर्ज फिटेना. १८५० साली फादर सोरिन यांनी चक्क काही ब्रदरांना कॅलिफोर्नियात सोने खणायला पाठवले. सोने मिळाले नाहीच, उलट एक ब्रदर तिकडेच वारले. १८५२ साली फादर मोरो यांनी त्यांना बंगालच्या मिशनवर जाण्याची आज्ञा केली, ती त्यांनी मोडली. इतकेच नव्हे, तर काही महिने मातृसंघापासून फारकतही घेतली. मग माघार घेऊन ते आज्ञेत परतले. हे आम्ही झाकून ठेवत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना विवेक हा पहिला सद्गुण म्हणून आम्ही पाठ केला होता. या माणसाला त्या व्याख्येत कुठे बसवावे, ते आम्हाला अजून नीट कळलेले नाही.

१८५४ च्या उन्हाळ्यात साथ आली आणि संघातील वीसएक जण दगावले. भोवतालची दलदल हेच आजाराचे मूळ असे ठरले. ती जमीन विकत घेऊन फादर सोरिन यांनी पाण्याला वाट करून दिली आणि कॉलेज चालू ठेवले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर उठल्या. शिकवायला धर्मगुरू आधीच मोजके. आहेत तेवढे सांभाळावेत, दारे लावून घ्यावीत, युद्ध सरले की पाहू, असे कोणीही म्हटले असते. आम्हीसुद्धा कदाचित तेच केले असते. फादर सोरिन यांनी मात्र सात धर्मगुरू सैन्यात आत्मिक सेवेसाठी पाठवले. त्यांतले दोघे १८६२ सालीच मरण पावले. फादर विल्यम कॉर्बी यांनी जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर, लढाईत उतरणाऱ्या आयरिश सैनिकांना एकत्रित पापक्षमा दिली. संघाच्या साठहून अधिक सिस्टर मदर अँजेला यांच्याबरोबर इस्पितळांत जखमींची सेवा करीत राहिल्या. त्यांतल्या बहुतेकींनी परिचर्येचे शिक्षण घेतलेले नव्हते.

पण द्यायचे किती यालाही मर्यादा होती. १८६३ साली सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला आणि त्यात धर्मगुरूंना वा ब्रदरांना सूट नव्हती. ब्रदर गेले असते तर शेत, स्वयंपाकघर आणि वर्ग तिन्ही एकदम ओस पडले असते. फादर सोरिन यांनी सूट मिळावी म्हणून धावपळ सुरू केली. जनरल शर्मन यांची मुले होली क्रॉसच्या शाळांत शिकत होती. ती ओळख त्यांनी बिनदिक्कत वापरली. सैनिकांसाठी धर्मगुरू देणारे आणि ब्रदरांसाठी मोठ्यांचे उंबरे झिजवणारे फादर सोरिन एकच होते. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. वर्ग भरत राहिले.

खरी परीक्षा अजून पुढेच होती. २३ एप्रिल १८७९ रोजी कॉलेजची मुख्य इमारत जळून खाक झाली. विम्याची रक्कम नुकसानीपुढे कितीतरी अपुरी होती. पासष्ट वर्षांचे फादर सोरिन तेव्हा संघाचे सुपीरियर जनरल होते आणि युरोपच्या वाटेवर मॉन्ट्रियलला पोहोचले होते. तेथून ते परत फिरले. राखेभोवती हिंडून झाल्यावर त्यांनी सर्वांना चर्चमध्ये जमवले आणि आपण इमारत फार लहान बांधली होती, आता मोठी बांधू, असे सांगितल्याची आठवण तेथे सांगितली जाते. तेव्हा कॉलेजचे अध्यक्ष होते तेच गेटिसबर्गचे फादर कॉर्बी. देणग्या मागितल्या गेल्या, उन्हाळाभर गवंडी राबले आणि त्याच सप्टेंबरात मुले नव्या इमारतीत शिरली.

उतारवयात फादर सोरिन यांचा जीव रमे तो शाळेतल्या अगदी लहान मुलांत. ३१ ऑक्टोबर १८९३ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, ते देवाघरी गेले. नोत्र दामच्या आवारातील संघाच्या दफनभूमीत, आपल्या ब्रदरांच्या सोबतीने, त्यांना मूठमाती देण्यात आली.