वेगाचा उपासक कामीय झेनात्झी

विजेवर धावणारी वेगवान मोटार श्रेष्ठ, कीं पेट्रोलवर धावणारी, हा वाद अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यांतूनही रंगूं लागला आहे. हा वाद अगदीं नवा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो सव्वाशें वर्षांचा जुना असून, त्याच्या दोन्ही बाजू स्वतः चाकावर बसून अजमावणारा एक पुरुष होऊन गेला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कामीय झेनात्झी याचा जन्म १८६८ सालीं बेल्जममध्यें ब्रुसेल्सनजीक झाला. बाप रबराचा कारखानदार होता. मुलानें एंजिनियरिंगचा अभ्यास केला आणि पुढें पॅरिसला जाऊन विजेच्या गाड्यांचा कारखाना काढला. पेट्रोलचें एंजिन तेव्हां हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे. धूर आणि खडखडाट तर विचारूंच नये. विजेची गाडी मात्र कळ दाबतांच निमूटपणें चालूं लागे. त्यामुळें शहरांतील भाड्याच्या गाड्या विजेवर चालवाव्या, असा त्या वेळीं अनेक कारखानदारांचा प्रयत्न होता, आणि त्यांच्यांत चुरसही मोठी होती.

१८ डिसेंबर १८९८ रोजीं पॅरिसजवळच्या आशेर येथील सरळ रस्त्यावर काउंट शासलू-लोबा यानें झाँतो नामक प्रतिस्पर्धी कारखानदाराची विजेची गाडी ताशीं सुमारें ६३ किलोमीटर वेगानें चालविली. मोटारीच्या वेगाचा हा पहिला नोंदलेला उच्चांक होय. झेनात्झीनें लगेच आव्हान दिलें. पुढें कांहीं महिने हा मान दोघांत चेंडूसारखा फिरत राहिला. ६६, ७०, ८०, ९२ असे आंकडे चढत गेले. अखेर एप्रिल १८९९ मध्यें झेनात्झी एक नवी गाडी घेऊन उतरला. तिचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, अंग हलक्या मिश्रधातूचें, आणि नांव ला झामे काँताँत, म्हणजे कधींच संतुष्ट न होणारी. तिनें एक किलोमीटर अंतर ३४ सेकंदांत तोडलें. हा वेग ताशीं १०५.८८ किलोमीटर भरतो. शंभराची वेस ओलांडणारी ही जगांतील पहिली मोटार. आणि ती विजेची होती, हें ध्यानांत ठेवावें.

परंतु या विजयांतच तिची मर्यादाही दडलेली होती. सुमारें दीड टन वजनाच्या त्या गाडीचा फार मोठा भार शिशाच्या बॅटऱ्यांचाच होता. एक किलो पेट्रोलांत जी ऊर्जा असते, ती साठविण्यास तसल्या बॅटऱ्या शेंकडों किलो लागत. एंजिन आपल्या वांट्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपानें दवडी, हें खरें. तरी उरलेली लांबच्या प्रवासास पुरत असे.

ज्या वाहनानें कीर्ति दिली त्यालाच चिकटून राहण्याचा मोह कोणासही पडला असता. झेनात्झी मात्र पेट्रोलच्या गाडीवर जाऊन बसला. २ जुलै १९०३ रोजीं आयर्लंडांत गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत होती. थोडे दिवस आधीं मर्सेडिस गाड्यांच्या कारखान्यास आग लागून शर्यतीसाठीं सिद्ध केलेल्या ९० अश्वशक्तीच्या गाड्या जळून गेल्या. तेव्हां एका अमेरिकन धनिकाची ६० अश्वशक्तीची मर्सेडिस मागून आणून झेनात्झी तिच्यावर बसला, आणि सुमारें ५२७ किलोमीटर अंतर साडेसहा तासांहून थोड्या अधिक वेळांत तोडून पहिला आला. सरासरी वेग ताशीं ७९ किलोमीटर, म्हणजे विजेच्या गाडीच्या उच्चांकाहून कमीच. पण तो वेग ३४ सेकंद नव्हे, तर तासन् तास टिकला.

आजच्या वादाचें मर्मही हेंच आहे. २०२१ सालीं आलेली टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही चार दारांची विजेची मोटार जागेवरून निघून ताशीं १०० किलोमीटरचा वेग सुमारें अडीच सेकंदांत गाठते. २०१८ सालच्या बीएमडब्ल्यू एम-५ काँपिटिशन या पेट्रोलच्या मोटारीस त्यासाठीं ३.३ सेकंद लागतात. कारण उघड आहे. विजेच्या मोटरचें बळ पहिल्या क्षणींच चाकांस मिळतें. एंजिनास आपले फेरे वाढवावे लागतात व गिअर बदलावे लागतात. लिथियमच्या बॅटऱ्या शिशाच्या बॅटऱ्यांहून कित्येक पट ऊर्जा साठवितात, म्हणून विजेची गाडी आतां एका दमांत शेंकडों किलोमीटर जाते. तथापि तिचें वजन सुमारें २.२ टन, तर पेट्रोलच्या गाडीचें १.९ टन, हा जादा भार वळणावर व ब्रेक लावतांना जाणवतो. शिवाय पेट्रोल भरण्यास पांच मिनिटें पुरतात. २०१९ सालच्या पोर्श टायकॅनसारख्या गाडीची बॅटरी बहुतांशीं भरण्यास मात्र अनुकूल स्थितींतही वीस-बावीस मिनिटें लागतात.

झेनात्झीचा अंत विलक्षण झाला. डिसेंबर १९१३ मध्यें तो बेल्जमच्या रानांत शिकारीस गेला होता. मित्रांची थट्टा करावी म्हणून त्यानें झुडपाआड दडून जनावराचा आवाज काढला. तो खराच समजून एका सोबत्यानें गोळी झाडली, आणि तांबड्या दाढीचा हा धाडशी पुरुष वयाचीं ४५ वर्षें नुकतींच पुरीं झालीं असतां प्राणांस मुकला. शर्यतीच्या रस्त्यावर ज्याला मरण गांठूं शकलें नाहीं, त्याचा घात एका थट्टेनें केला.

त्याची विजेची गाडी फ्रान्समध्यें काँपिएन्य येथील संग्रहालयांत जपून ठेविली आहे. तिच्या मालकानें कोणत्याही यंत्राचा अंध अभिमान धरला नाहीं, हें आम्हांस त्याच्या उच्चांकाहूनही मोठें वाटतें. कोणतें वाहन किती वेगानें जातें एवढेंच पाहूं नये. तो वेग किती वेळ टिकतो आणि त्यासाठीं किती भार वाहावा लागतो, हेंही मोजावें. आमच्या विद्यार्थ्यांनीं वाद अवश्य घालावा. पण घड्याळ व तराजू हातीं घेऊन घालावा.