पंडिता रमाबाई : शंकेच्या वाटेवरून श्रद्धेकडे



घरात दुखणे येते, नोकरी जाते, किंवा २६ जुलै २००५ प्रमाणे उल्हास नदीचे पाणी घरात शिरते, तेव्हा देव खरेच आपले ऐकतो का, असा प्रश्न आपल्यातील पुष्कळांच्या मनात येतो. मग असा प्रश्न पडला म्हणून आपण स्वतःलाच दोष देतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे जीवन आठवू या. त्या कॅथोलिक नव्हत्या. तरीही महाराष्ट्रातील आपणा सर्व ख्रिस्ती जनांना त्या आपल्याच वाटतात.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी पायी भटकले. व्रते व उपवास करूनही हाक ऐकली गेली नाही, असे वाटून त्यांचा लहानपणीचा विश्वास डळमळला. १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवले, पण मन रितेच राहिले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, पण १८८२ साली पतीही कॉलऱ्याने गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. पण शंका मिटल्या नाहीत. पवित्र त्रैक्याची शिकवण त्यांना पटेना. त्या धर्मभगिनींना स्पष्ट विचारत आणि पत्रांतून वाद घालत. शंका त्यांनी लपवली नाही आणि बायबलवाचनही सोडले नाही. स्नानसंस्कारानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आता भेटला.

तोवर त्या मायदेशी परतल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या वादामुळे अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणून केडगावला आसरा दिला. अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. तरी स्वतः भूक सोसलेल्या रमाबाईंनी दार लावून घेतले नाही. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले.

१९२१ साली त्यांची आधार असलेली मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करीत होत्या. पुत्रीशोकातही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या.

बंधुभगिनींनो, आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्गच पुढे पुणे ओलांडून केडगावला पोहोचतो. तेथे आजही निराधार स्त्रियांना आसरा मिळतो. रमाबाईंना सगळी उत्तरे आधी मिळाली आणि मग त्यांनी काम सुरू केले, असे झाले नाही. प्रश्न मनात असतानाच त्या देवाला शोधत राहिल्या आणि भुकेल्याला जेवू घालत राहिल्या. आपल्या मनातली शंकाही आपण दडपून ठेवू नये. ती प्रार्थनेत प्रभूपुढे मांडावी, धर्मगुरूंना विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत मिस्सा व शेजाऱ्याची सेवा सोडू नये.

हे प्रभो, आमचा विश्वास डळमळतो तेव्हा आमचा हात सोडू नकोस. आमेन.